फुगलेली शीर दिसते, गळकी झडप दिसत नाही

पायांच्या शिरांबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. शीर म्हणजे पायाकडून हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी, आणि धमनी म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त आणणारी. खालच्या सगळ्या उत्तरांत हे दोन शब्द याच अर्थाने वापरले आहेत, कारण बोलण्यात दोघींनाही 'नस' म्हणतात आणि तिथूनच अर्धे गैरसमज सुरू होतात.

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे. वर्गात दिवसाचे पाच-सहा तास उभी असते. डाव्या पोटरीवर वेड्यावाकड्या निळसर शिरा वर आल्यात. दुखत नाहीत, पण संध्याकाळी पाय भरून येतो. ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, नसा ब्लॉक झाल्यात. खरे आहे का? ऑपरेशन लागेल का? (सातारा)

ब्लॉक झालेले नाही. तुमच्या पायात रक्त अडलेले नाही, ते वर जाऊन पुन्हा खाली घसरते आहे.

उभे असताना घोट्यापाशी शिरांत साधारण ८० ते १०० मिलिमीटर (रक्तदाब मोजतात तसे पाऱ्याचे) दाब असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या सगळ्या स्तंभाचे वजन तिथे येते. आपण चालू लागलो की पोटरीचा स्नायू आवळतो, खोलवरच्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडला की ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत जागोजागी झडपा असतात. झडपा धड असतील तर चार पावले चालल्यावर हाच दाब ३० च्या खाली उतरतो. झडप गळकी असेल तर चालूनही दाब उतरत नाही आणि कातडीखालची पातळ भिंतीची शीर हळूहळू ताणली जाते, लांबते, नागमोडी होते. तुम्हाला दिसते ती ही ताणलेली फांदी. बिघाड बहुतेक वेळा वर असतो : जांघेत, जिथे मांडीच्या आतल्या बाजूची लांब शीर खोल शिरेला मिळते तिथे, किंवा गुडघ्यामागच्या लवणीत.

उभे राहण्याच्या कामाने त्रास वाढतो, पण मूळ कारण बहुधा आईवडिलांकडून आलेली कमकुवत शीर हेच असते. वय, वजन आणि बाळंतपणे त्यात भर घालतात. म्हणून नोकरी सोडायची गरज नाही. तासाच्या मध्ये वर्गात फेऱ्या मारा, फळ्याजवळ उभ्या असताना टाचा उचलून चवड्यांवर वर-खाली करा. एका वेळी वीस-पंचवीस वेळा केले की पोटरीचा पंप चालतो. पायाला पाय टेकून स्तब्ध उभे राहणे सर्वांत वाईट.

ऑपरेशनचे म्हणाल तर शिरा फक्त दिसतात आणि त्रास नाही, अशा पायाला घाईने काही करावे लागत नाही. तुमचा पाय संध्याकाळी जड होतो, म्हणजे एकदा डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, करून घेण्याची वेळ आलेली आहे. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी होऊ लागली, खाज सुटली, कातडी टणक लागू लागली, तर मग थांबू नका. त्यापुढची पायरी जखम असते.

प्रश्न : डॉप्लर केली. रिपोर्टमध्ये 'मल्टिपल इन्कॉम्पिटंट परफोरेटर्स' लिहिले आहे. एका ठिकाणी लेझर सांगितले, दुसरीकडे ग्लू, तिसरे डॉक्टर म्हणतात इंजेक्शनने काम होईल. आम्ही काय निवडायचे? (पिंपरी)

आधी रिपोर्ट नीट वाचू, कारण उपचाराची निवड तिथेच ठरते. पहिली गोष्ट : तपासणी तुम्हाला उभे करून केली का? झोपवून केलेल्या तपासणीत गुठळी आहे की नाही ते कळते, पण झडप किती गळते ते कळत नाही. तपासणारा पोटरी दाबून सोडतो आणि सोडल्यावर रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजतो. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटा प्रवाह म्हणजे झडप गळकी. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा एक सेकंद आहे. चांगल्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी स्पष्ट असतात : खोल शिरा मोकळ्या आहेत का, जांघेतला आणि लवणीतला सांधा (जिथे वरवरची शीर खोल शिरेला मिळते) गळतो का, लांब शिरेत उलटा प्रवाह कुठून कुठपर्यंत आहे, आणि तिथे शिरेचा व्यास किती मिलिमीटर आहे. यातले काही नसेल तर तपासणी पुन्हा करून घेणे हे चुकीच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडते.

परफोरेटर म्हणजे वरवरची शीर आणि खोल शीर जोडणाऱ्या आडव्या शिरा, आणि 'इन्कॉम्पिटंट' म्हणजे गळक्या झडपांच्या. रिपोर्टमध्ये त्यांची यादी असली म्हणून प्रत्येकीला जाळायचे नसते. साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, उलटा प्रवाह असलेली आणि जखमेच्या किंवा भरलेल्या जखमेच्या खाली असलेली परफोरेटर महत्त्वाची. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणी मुख्य गळती बंद केल्यावर आपोआप सुधारतात. नुसत्या परफोरेटरच्या संख्येवर बिल वाढत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

आता पद्धती. लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी या दोन्ही उष्णतेने शीर आतून बंद करतात. गुडघ्याजवळ सुई टोचून बारीक तार किंवा नळी शिरेतून वर सरकवतात आणि तिचे टोक जांघेतल्या सांध्यापासून सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. हे अंतर राखले नाही तर गुठळी खोल शिरेत डोकावते. मग शिरेभोवती सलाईनमध्ये मिसळलेले पातळ भुलीचे औषध भरतात. त्याने भूल मिळते, शीर तारेवर घट्ट बसते, आणि शेजारची कातडी व मज्जातंतू उष्णतेपासून लांब राहतात. इथे कंजूषी झाली की दुखते, भाजते, नाहीतर शीर नीट बंद होत नाही. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या नेहमीच्या नळीत सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंश सेल्सिअसवर २० सेकंद तापतो, मग नळी खाली ओढून पुढचा तुकडा. लेझरमध्ये हल्ली १४७० नॅनोमीटरची, चहूबाजूंनी प्रकाश टाकणारी तार वापरतात. जुन्या तारांपेक्षा तिने कमी दुखते. दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आहेत, म्हणून मशीनच्या नावापेक्षा डॉक्टरांचा हात आणि त्यांची सोनोग्राफीवरची नजर पाहा.

ऑपरेशनच्या दिवशीच चालत घरी जाता येते, आणि चालायचेच असते. मांडीच्या आत दोरीसारखे ओढल्यासारखे वाटते आणि साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी ते सर्वांत जास्त जाणवते. पुष्कळ रुग्ण तेव्हा घाबरतात. बंद झालेली शीर आकसते आहे, एवढाच त्याचा अर्थ. पोटरी मात्र सुजून घट्ट झाली तर लगेच दाखवा. पहिल्या आठवड्यात एकदा डॉप्लर करून गुठळी खोल शिरेकडे सरकलेली नाही ना, ते पाहतात. गुडघ्याखाली उष्णता दिली तर घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो, कारण तिथे संवेदनेचा तंतू शिरेला चिकटूनच जातो.

ग्लूमध्ये सायनोअॅक्रिलेट हा गोंद शिरेत सोडतात. भुलीच्या इतक्या सुया लागत नाहीत, उष्णता नाही. पण तो महाग आहे, शरीरात राहतो आणि काही जणांना शिरेवर लाल, खाजरी सूज येते. पूर्वी कोणत्याही गोंदाची अॅलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

इंजेक्शन म्हणजे फोम. पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध एक भाग आणि हवा चार भाग, दोन सिरिंजांतून इकडून तिकडे ढकलून फेस करतात. एका बैठकीत साधारण १० मिलिलिटरपर्यंत. वेड्यावाकड्या फांद्यांसाठी आणि पुन्हा उद्भवलेल्या शिरांसाठी हे उत्तम आणि स्वस्त. मांडीतल्या रुंद मुख्य शिरेला एकट्या फोमने बंद केले तर ती काही वर्षांनी पुन्हा उघडण्याचे प्रमाण लेझरपेक्षा जास्त. कातडीवर तपकिरी डाग महिनोन्महिने राहू शकतो. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना थोडा वेळ डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होते.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३ मध्ये क्रम स्पष्ट केला : आधी उष्णतेने बंद करणे, ते जमत नसेल तर फोम, आणि तेही जमत नसेल तर शीर काढण्याचे जुने ऑपरेशन. जुने म्हणजे वाईट नव्हे. चांगल्या हाताने केलेल्या स्ट्रिपिंगचे निकाल आजही टिकतात आणि सरकारी रुग्णालयात तो पर्याय परवडतो. आमचे मत विचाराल तर : मुख्य शीर सरळ आणि गळकी असेल तर लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, सोबत फांद्यांना फोम, किंवा बारीक छेदांतून त्या काढणे. आरोग्य विम्याची पॉलिसी नवी असेल तर कागद आधी तपासा. बऱ्याच पॉलिसींत या आजाराला दोन वर्षांची प्रतीक्षा लावलेली असते.

प्रश्न : मेडिकलमधून मोजे आणले. घोट्यापाशी गोळा होतात, घाम येतो, आई चार दिवसांत कंटाळली. उपयोग होतो तरी का? (रत्नागिरी)

बरोबर मापाचे असतील तर होतो. पाय तपासल्याशिवाय 'मीडियम' म्हणून आणलेले मोजे फुकट जातात. माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्या : घोट्याच्या वर सर्वांत बारीक जागेचा घेर, पोटरीचा सर्वांत रुंद घेर, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. तिन्ही आकडे लिहून न्या. दाब पाकिटावर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. बहुतेकांना दुसऱ्या वर्गाचे, २३ ते ३२ चे, गुडघ्यापर्यंतचे मोजे पुरतात. मांडीपर्यंतचे घसरतात, आणि गुडघ्याखालच्यांइतकेच काम करतात.

घालायची रीत : उठण्याआधी, अंथरुणातच. मोजा टाचेपर्यंत आतून बाहेर उलटा करा, पाऊल घाला, टाच नेमकी टाचेत बसवा आणि मग वरचा भाग थोडा थोडा उलगडत न्या. वरून धरून ओढू नका, त्यानेच गोळा होतो. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर बोटांची पकड येते आणि नखाने धागा निघत नाही. वरची कड कधीही दुमडायची नाही, नाहीतर तिथे दुप्पट दाब पडून आवळपट्टी होते. रात्री काढायचे, आणि कातडीला तेल किंवा क्रीम लावायचे ते रात्रीच. कोकणातल्या दमटपणात बोटे उघडी असणारे मोजे बरे पडतात. दोन जोड घ्या, रोज साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. सहा महिन्यांत ताण सैल पडतो, तेव्हा नवे घ्यावे लागतात.

एक गोष्ट विसरू नका. आईंना मधुमेह असेल, त्या धूम्रपान करत असतील किंवा तंबाखू खात असतील, अथवा चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, तर मोजे घालण्याआधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. रक्त आधीच कमी येत असलेल्या पायावर घट्ट मोजा चढवला तर कातडी काळी पडते.

प्रश्न : वडील शेतकरी, वय ६३. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दीड वर्ष जखम आहे. मलम, पावडर, अँटिबायोटिक सगळे झाले. साखर नॉर्मल आहे. भरते आणि पुन्हा फुटते. (नांदेड जिल्हा)

जखम मलमाने भरणार नाही, कारण तिचे कारण कातडीत नाही. वर सांगितलेला न उतरणारा दाब वर्षानुवर्षे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर ढकलतो. पेशींतले लोह कातडीत साचते, म्हणून ती तपकिरी होते. खालची चरबी आकसून टणक होते आणि पाय उलट्या बाटलीसारखा दिसू लागतो. अशा कातडीला साधा ओरखडा पुरतो.

पहिले काम, घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा काढणे. त्यासाठी पेन्सिलसारखे छोटे डॉप्लर यंत्र लागते. आकडा ०.८ च्या वर असेल तर पूर्ण दाबाची पट्टी चालते. ०.५ ते ०.८ मध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हलका दाब. ०.५ च्या खाली पट्टी बांधायचीच नाही, आधी धमनीचा उपचार. १.३ च्या वर आला तर धमन्या कडक झालेल्या असतात आणि आकड्यावर विसंबता येत नाही.

पट्टी ही इथे औषध आहे. आत कापसाचा थर, हाडांवर जरा जाड. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. बहुपदरी पट्टी घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर दाब देते आणि वर जाताना तो कमी होत जातो. वर घट्ट आणि खाली सैल झाली तर पाऊल सुजते, आणि घरी बांधताना नेमके हेच होते. म्हणून पहिल्या काही पट्ट्या शिकलेल्या परिचारिकेकडून बांधून घ्या आणि बघून शिका. पाझर कमी झाला की आठवड्यातून एकदा बदलली तरी चालते.

जखम सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, टूथपेस्ट, चुना नको. निओमायसिन आणि फ्रामायसेटिनची मलमे महिनोन्महिने लावली की पुष्कळांना त्यांचीच अॅलर्जी होते आणि जखमेभोवती इसब पसरते. अँटिबायोटिकच्या गोळ्या लाली पसरत असेल, पाय गरम असेल, ताप असेल तरच. जखमेवर जंतू सापडले, एवढ्यावरून नको. दिवसातून तीन-चार वेळा अर्धा अर्धा तास पाय हृदयाच्या वर राहील असे झोपायचे. स्टुलावर पाय ठेवून बसल्याने तो हृदयाच्या वर जात नाही.

आणि मुळातली गळती आताच बंद करायची. 'आधी जखम भरू द्या, मग लेझर करू' हा सल्ला अजूनही मिळतो. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले : पट्टीसोबत दोन आठवड्यांच्या आत शीर बंद केलेल्यांची जखम भरायला मध्यक ५६ दिवस लागले, थांबलेल्यांना ८२. शेतात राबणाऱ्या माणसासाठी हे २६ दिवस फार मोठे आहेत. दीड वर्ष न भरलेल्या जखमेच्या कडेचा छोटा तुकडाही तपासायला पाठवा. जुन्या जखमेत क्वचित कर्करोग उद्भवतो, कड उचललेली असेल तर जास्तच शंका घ्यावी. भरल्यानंतर मोजे कायमचे. ते सोडले म्हणूनच ती पुन्हा फुटते.

प्रश्न : सासूबाईंच्या घोट्याजवळची शीर अंघोळ करताना फुटली. न्हाणीघरभर रक्त. आम्ही गुडघ्याखाली रुमाल करकचून बांधला, तरी थांबेना. (कोल्हापूर)

रुमालामुळेच थांबले नाही. शिरेतले रक्त वर चालले आहे. वर बांधले की त्याची वाट बंद होते आणि ते फुटलेल्या जागेतून जोरात येते. बांधलेले सोडा. त्यांना तिथेच आडवे झोपवा, पाय भिंतीला किंवा खुर्चीवर टेकवून हृदयाच्या वर घ्या आणि स्वच्छ कापडाची घडी नेमक्या छिद्रावर दोन बोटांनी दाबून धरा. दहा ते पंधरा मिनिटे, मध्ये उचलून न बघता. थांबल्यावर घडी तशीच ठेवून वरून पट्टी. एकट्या राहणाऱ्या वयस्कर व्यक्तीचा यात जीव जाऊ शकतो, म्हणून एकदा फुटलेल्या शिरेचा उपचार त्याच आठवड्यात ठरवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थेट रुग्णालयात.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला जायचे आहे. वय ६२, पायांत फुगलेल्या शिरा. विमानात गुठळी होईल का? अॅस्पिरिन घेऊ का? (ठाणे)

चार तासांहून लांब प्रवासात धोका थोडा वाढतो, तुमच्या शिरांमुळे आणखी थोडा. पूर्वी गुठळी झालेली नसेल, अलीकडे मोठे ऑपरेशन झालेले नसेल, कर्करोगाचा उपचार चालू नसेल, तर मापाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, बसल्या जागी दर अर्ध्या तासाने पावले वर-खाली, दोन तासांनी एक फेरी, एवढे पुरते. अॅस्पिरिन मनाने घेऊ नका. वरच्या तिन्हींपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधीच भेटा.

उतरल्यावर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा : एकच पाय सुजणे, पोटरी दुखरी आणि गरम होणे. अशा पायाला तेल लावून चोळायचे नाही, मालीशवाल्याकडे न्यायचे नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचले, तर थेट तातडीच्या विभागात.

फुगलेली वरवरची शीर लाल, कडक, दोरीसारखी झाली तर तिलाही 'साधी सूज' म्हणून सोडू नका. डॉप्लरमध्ये ती पाच सेंटिमीटरहून लांब निघाली, तर बहुतेक वेळा रक्त पातळ करणारे इंजेक्शन सुमारे ४५ दिवस द्यावे लागते. जांघेतल्या सांध्यापासून तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर ती खोल शिरेतली गुठळी समजूनच उपचार होतो.

प्रश्न : सातवा महिना आहे. मांड्यांवर आणि लघवीच्या जागेजवळही शिरा फुगल्यात. लाज वाटते, कुणाला सांगितले नाही. (नाशिक)

तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगा, त्यांच्यासाठी हे नेहमीचे आहे. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल होतात आणि गर्भाशय वरून दाबते. सध्या मोजे, डाव्या कुशीवर झोपणे, चालणे, एवढेच. लेझर, फोम काही नाही. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांत बहुतेक शिरा बऱ्याच उतरतात. उरलेल्यांचे तेव्हा बघू. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत मात्र गुठळीचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून महिनाभर खाटेवरच पडून राहू नका. एक पाय सुजला तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : दोन्ही पाय सुजतात. गावात हत्तीरोगाचे रुग्ण आहेत. आमचे शिरांचे की तेच? (चंद्रपूर जिल्हा)

विदर्भात ही शंका रास्त आहे. घरी एक करून बघा : पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरा. धरताच आली नाही, पाऊल आणि बोटेही फुगलेली असतील, रात्रभर झोपूनही सूज उतरत नसेल, तर लसिकावाहिन्यांचा (शरीरातले पाझरलेले पाणी परत नेणाऱ्या नळ्या, हत्तीरोगात याच बिघडतात) विचार आधी. शिरांची सूज घोट्यापासून वर असते आणि सकाळी बरीच ओसरते. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड आणि रक्तदाबाची अॅम्लोडिपिनसारखी गोळी, हेही तपासायचे. हत्तीरोगाची रक्ततपासणी सरकारी आरोग्य केंद्रातून होते. काही ठिकाणी नमुना रात्रीच घेतात, कारण त्याचे जंत तेव्हाच रक्तात दिसतात. ती टाळू नका.